झिबलभाऊंची लोखंडी चूल

पाऊस आला की लोक आधी वाळवण उचलतात. आमचे शेजारी झिबलभाऊ मात्र अंगावरची घोंगडी काढून चुलीला पांघरायचे आणि स्वतः उघडे कुडकुडत उभे राहायचे. चूल ओसरीत, वर छप्पर. तरीही.

"पाणी आडवं येते, वहिनी," म्हणायचे.

ते पूर्वी देवरीकडे जंगलातल्या बंगल्यावर स्वयंपाकी होते. स्वातंत्र्य मिळालं तसा तिथला गोरा साहेब विलायतेला निघाला आणि आपली लोखंडी चूल झिबलभाऊंना देऊन गेला. तिच्या पोटात लाकडं घालायची, धूर मागच्या नळीतून थेट छपरावर. तेव्हाच ती म्हातारी झालेली. पत्रा सडला तर तसा घडवणारा लोहार गोंदियात नव्हता. म्हणून झिबलभाऊंचा सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला: चुलीला गंज लागू नये.

राख ओल धरते म्हणून ते रोज राख काढायचे. विटेच्या तुकड्यानं घासायचे आणि चूल कोमट असतानाच जवसाचं तेल चोळायचे. त्यांच्या स्वतःच्या डोक्याला तेल मी कधी पाहिलं नाही. ओल्या पायानं कोणी ओसरीत चढलं की ओरडायचे, "आधी पुसा, मग बोला!" माझे वडील वारले ती बातमी सांगायला आमचे हे पावसात धावत गेले, तर त्यांनाही तेच. यांनी पाय पुसले, मग बातमी सांगितली.

भांडण फक्त बायकोशी. काशीबाई दम्याची. चार शब्द बोलली की धाप लागायची, पण पाचवा सोडायची नाही. तिच्या मते चूल म्हटली की ती सकाळी शेणामातीनं सारवलीच पाहिजे.

"बिनसारवल्या चुलीवरचा निवद देवाले कसा दाखवू?"

"देवाले सांग ना, लोखंडाची आहे म्हणा."

"देव का तुमचा साहेब आहे?"

ती सारवायची, झिबलभाऊ पुसायचे. मला दोघंही खुळे वाटायचे.

एका पावसाळ्यात लेकीकडे भाताच्या रोवणीला माणसं मिळेनात, म्हणून झिबलभाऊ महिनाभर तिकडे गेले. काशीबाईनं हौस फेडून घेतली. चूल मागून-पुढून जाड सारवली, वर पांढऱ्या मातीची बोटं ओढली. दिसायची मात्र छान.

ते परतले त्या दिवशी मी तांदूळ निवडायला मुद्दाम माझ्या ओसरीत बसले. तमाशा चुकवायचा नव्हता. झिबलभाऊंनी मातीचा पोपडा उचलला, तर पोपड्यासोबत मागचा पत्राच भुगा होऊन हातात आला. काशीबाई दार धरून उभी.

झिबलभाऊंनी भुगा खाली टाकला. हात धोतराला पुसले. म्हणाले, "हा तं मी जायच्या आधीच सडला होता. तुह्या मातीनं काही नाही झालं."

माझे तांदूळ तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या पडवीत मातीची चूल मांडली. काशीबाईला माझ्या ओसरीत आणून बसवलं आणि स्वतः रांधायला बसले. मी विस्तव मागायला गेले, तर धुरात नुसते डोळे पुसून राहिलेले.

"साहेबाच्या चुलीसाठी रडता काऊन, भाऊ?"

"साहेब गेला खड्ड्यात. धूर आहे हा." थोडं खोकले. "तिच्या दम्याले हा सोसत नाही, म्हणून तं ते लोखंड जपत होतो."

"मग पत्रा खरंच आधी सडला होता?"

त्यांनी मान वाकडी करून माझ्या ओसरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "हळू बोला, वहिनी. तिले आधीच झोप नाही."

मी विस्तव घेऊन घरी आले.

"काय म्हणून राहिले होते?" काशीबाईनं विचारलं.

"वरण करपलं म्हणे," मी सांगितलं.