भोईर भाऊंचं शुक्रवार मंडळ

भोईर भाऊ माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायचे. आधी पाय, मग गुडघे, मग पोट, आणि वेळ उरलाच तर तोंड. मी साइझिंगमध्ये गोदामकीपर म्हणून लागलो त्या दिवशी फाटकात टाइमकीपर म्हणून तेच बसलेले. हजेरीचं कार्ड हातात देता देता त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "पांढरा."

मला वाटलं सदऱ्याबद्दल बोलतायत. म्हटलं, "आजच धुतलाय."

"सदरा न्हाय रे. तू. तू पांढरा. चढाची वाट तुझ्या कामाची न्हाय."

पहिल्याच दिवशी असला अपमान! आणि तोही कारण नसताना, कारण मी कुठल्याच वाटेला जाणार नव्हतो. मी गोदामात सुताच्या गासड्यांवर बसून पगार खाणारा माणूस. सुताला खळ लावून कडक करायचा कारखाना म्हणजे साइझिंग. भिवंडीत असे पुष्कळ. आत उकळत्या खळीचा वास, बाहेर लूमचा खडखडाट, आणि सगळीकडे हवेत तरंगणारं सुताचं तूस. ते केसात बसायचं, चहात पडायचं, नाकातून निघायचं. संध्याकाळी धामणकर नाक्यावर उभं राहिलं की सगळं गाव अकाली म्हातारं झाल्यासारखं दिसायचं.

आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी. त्या दिवशी लूम बंद, आणि ती शांतता एवढी विचित्र की काहींचं डोकं दुखायचं. लोक सिनेमाला जात, पत्ते कुटत, नाहीतर नुसते आडवे पडत. भोईर भाऊ मात्र पाच-सहा जणांना गोळा करून रानात हिंडायला नेत. त्याला त्यांनी नाव दिलं होतं शुक्रवार पायी मंडळ. मी म्हटलं, "भाऊ, फुकट चालायला जायचं? कामावर कमी दमतो का?"

"तू कामावर दमतोस?" त्यांनी विचारलं. पुढच्या शुक्रवारी मी मंडळात होतो.

मंडळाच्या वाटा तीन रंगांच्या. पांढरी वाट म्हणजे म्हाताऱ्या माणसानं गप्पा मारत जावं अशी. काल्हेरहून कशेळीपर्यंत खाडीच्या बांधानं जायचं, ती पांढरी. पिवळ्या वाटेवर गप्पा बंद पडायच्या. आणि लाल वाटेवर बायकोमुलं आठवायची. लूमची दुरुस्ती बघणारे जॉबर रहमतभाई रंगीत काठांच्या चिंध्या आणून द्यायचे आणि भाऊ त्या वाटेवरच्या झाडांना खूण म्हणून बांधायचे. वाट आधी एकटे चालून बघायचे, मग आम्हाला न्यायचे, मग पुन्हा एकटे जायचे. हातात वही, गळ्यात शिट्टी. कामावर एक मिनिट उशीर झाला की कार्डावर लाल शाई ओढणारा हा माणूस रानातही तसाच होता. ठरल्या वेळी शिट्टी वाजायची, मग तुमच्या तोंडात भाकरी असो नाहीतर पायात काटा.

एकदा मी ती वही चोरून वाचली. सगळी वही माझ्यावर! 'केशव बसला, आंब्याखाली. केशव बसला, ओढ्याआधी. केशव बसला, कारण सांगितलं नाही.' मी भडकलोच. म्हटलं, "भाऊ, बाकीचे काय उडत जातात? माझंच का लिहिता?"

"बाकीच्यांचा दम मला उपयोगाचा न्हाय," ते म्हणाले आणि वही काढून घेतली.

मग त्या उन्हाळ्यात भाऊंना एक डोंगर चिकटला. पडघ्याला एस.टी.नं उतरायचं, पुढे पायी, आणि समोर उंबरपाड्याची खिंड. खिंडीपलीकडे पाडा, वीसेक घरं. त्या डोंगराला आम्ही कुठून कुठून गेलो नसू! पुढून गेलो, मागून गेलो, ओढ्यातून गेलो, करवंदीच्या जाळीतून सदरे फाडत गेलो. आठ शुक्रवार झाले आणि आठही वेळा वाट लाल निघाली. नवव्या शुक्रवारी रहमतभाई एस.टी. स्टँडवर ठाण मांडून बसले. "भाऊ, इस पहाड़ से निकाह किया है क्या? आज बताओ, नहीं तो हम चले घर."

भाऊंनी आमच्या चपलांकडे बघितलं. मग म्हणाले, "तिला न्यायची हाय. तिच्या आईकडं."

ती म्हणजे सुभद्रावहिनी, भाऊंची बायको. उंबरपाडा तिचं माहेर. चाळीत माझी खोली त्यांच्या खोलीला लागून, त्यामुळे तिचा खोकला मला माझ्या घरातल्या घड्याळासारखा पाठ होता. सोळा वर्षं तिनं लूमच्या शेडमध्ये कांड्या भरल्या होत्या, म्हणजे धोट्यात बसतात त्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम. तेवढं तूस छातीत गेल्यावर दुसरं काय होणार! जिना चढताना ती तीनदा थांबायची. डॉक्टरनं भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाईंना भिवंडीतून हलवा, इथली पुढची थंडी त्यांच्याच्यानं निघायची नाही. मूलबाळ नव्हतं. जायला जागा एकच, खिंडीपलीकडे, आणि तिकडे चाकाची वाट नव्हती.

"मग डोली करू," मी म्हटलं. "आम्ही आहोत की पाच जण."

"बोललो तिला. म्हणते, चौघांच्या खांद्यावरनं जायचं ते एकदाच जाईन. आत्ता पायानं जाईन न्हायतर जाणार न्हाय." भाऊंनी वही उघडून माझ्यासमोर धरली. "तिचा दम आणि तुझा दम सारखाच, केशव. तू जिथं बसतोस तिथं ती बसंल. म्हणून तुझं लिवतो."

मी नुसता "बरं" म्हणालो. रहमतभाई उठले, एस.टी.त चढले आणि खिडकीशी जागा धरून भाऊंना हाक मारू लागले.

त्या दिवसापासून मी प्रामाणिकपणे दमायला लागलो. आधी मी चार पावलं उगीच ताणून मर्दुमकी दाखवायचो, ती सोडली. पण वाट काही पांढरी होईना. खालचं सगळं जमत होतं, खिंडीखालचा शेवटचा चढ जमत नव्हता. घसरडी माती, मोठमोठे धोंडे. तिथे मी सातदा बसायचो आणि सातव्यांदा उठायचोच नाही. चढाच्या पायथ्याशी एक ऐनाचं झाड होतं. भाऊंनी निराश होऊन त्याला लाल चिंधी बांधली आणि पावसाळा लागला.

पाऊस सरता सरता आम्ही परत गेलो तर ऐनाखाली नारळ! एका धोंड्याला शेंदूर फासलेला, आणि आमच्या चिंधीशेजारी आणखी पंधरा-वीस चिंध्या. नवसाची चिंधी झाडाला बांधायची पद्धत त्या भागात आहेच. पाड्यातल्या एका म्हातारीची हरवलेली शेळी त्या झाडाखाली सापडली होती, झाडाला नवी लाल चिंधी दिसली होती, आणि पुढचं सगळं पाड्यानं आपापसात ठरवून टाकलं होतं.

भाऊ संतापले. "ही माझी खूण हाय! वाट अवघड हाय म्हणून बांधलेय."

ती शेळीवाली म्हातारी तिथंच शांतपणे फूल वाहत होती. "अवघड हाय म्हनूनच तं देव बसला ना इथं."

पण भाऊंचं लक्ष तिच्या मागे गेलं होतं. चढावर कोणीतरी तीन पायऱ्या बांधल्या होत्या. ज्याचा नवस फळला त्यानं एक दगड आणून पायरी बसवायची, असं पाड्याच्या भगतानं ठरवलं होतं. पुढच्या शुक्रवारी सात झाल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तेरा. भाऊ येताना पायऱ्या मोजायचे, जाताना पुन्हा मोजायचे आणि घरी वहिनीला सांगायचे. मी भिंतीपलीकडून ऐकायचो. ती खोकत खोकत विचारायची, "अवो, उंच हायत का?"

उंच होत्याच. पाड्यातले गडी आपल्या ढेंगेनं बांधत होते. मी तिसऱ्या पायरीवरच बसायचो.

आणि एके शुक्रवारी खुद्द भगत आमची वाट बघत ऐनाखाली उभा. त्यानं भाऊंना विचारलं, "पयली चिंधी तुमीच बांधली ना? देव सपनात आलता कं तुमच्या?"

भोईर भाऊ खोटं बोलत नसत. मालकाचा मेहुणा दोन मिनिटं उशिरा आला तर त्याच्याही कार्डावर लाल शाई ओढलेली मी बघितली होती. आता हा माणूस सांगणार की ती लूमवरची चिंधी आहे, आणि उद्यापासून पायऱ्या बंद. भाऊंनी चप्पल काढली. घसा साफ केला.

"आलता," ते म्हणाले.

"काय म्हनला?"

"म्हणाला, पायऱ्या बुटक्या करा. म्हातारी माणसं येतील. आणि मधे मधे टेकायला दगड ठेवा."

रहमतभाईंनी एकदम पाठ फिरवली. हसत होते की डोळे पुसत होते, देव जाणे. पडघ्याच्या स्टँडवर आल्यावर भाऊ म्हणाले, "केशव, मी देवाच्या नावानं खोटं बोललो." मी म्हटलं, "भाऊ, देवालाही पटलं असेल." ते काही त्यांना फारसं पटलं नाही.

पायऱ्या बुटक्या होऊन माथ्यापर्यंत पोचल्या, आणि दिवाळीला आठ दिवस असताना आम्ही वहिनीला घेऊन निघालो. त्या दिवशी शिट्टी आणली नव्हती. नियम एकच, तिच्या पुढे कोणी जायचं नाही आणि ती बसली की सगळ्यांनी बसायचं. रहमतभाईंनी तिचं गाठोडं घेतलं. सपाटीवर ती चारदा बसली, ओढ्याशी दोनदा. ऐनाशी येईपर्यंत ऊन वर आलं. पायऱ्यांवर मात्र तिची खरी परीक्षा झाली. अर्ध्यावर तिचे ओठ काळेनिळे पडले, श्वास आत गेला तो बाहेरच येईना. मी घाबरून म्हटलं, "भाऊ, उचलू या."

वहिनीनं माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरलो. बऱ्याच वेळानं श्वास सापडला तेव्हा ती म्हणाली, "भावजी, मेल्यावर उचला. आत्ता गप बसा." ती बसली, आम्ही बसलो. सहा माणसं भर दुपारी बुटक्या पायऱ्यांवर ओळीनं बसलो होतो, आणि एक बाई उठायची वाट बघत होतो. मग ती उठली. माथ्यावर गेली. पलीकडे उतरून आईच्या अंगणात गेली आणि तिथल्या ओट्यावर आडवी झाली. म्हातारी आई तिच्या तोंडावरून नुसता हात फिरवत राहिली.

भाऊंना सकाळी ड्युटी होती, म्हणून आम्ही त्याच दिवशी परतलो.

नंतर मंडळ बंदच पडलं. भाऊ दर शुक्रवारी एकटे उंबरपाड्याला जायचे, आणि आम्ही पुन्हा पत्ते कुटायला लागलो. वहिनी थंडीतून निभावली. भाऊंच्या तोंडून कळायचं, खोकला कमी आहे, दोन भाकऱ्या खाते, आईशी भांडते. मला बरं वाटायचं. पण भिंतीपलीकडची खोली आता गप्प असायची आणि त्या शांततेत मला झोप लागायची नाही. शिमग्याच्या सुमारास मी म्हटलं, "भाऊ, या शुक्रवारी मी येतो. वहिनीला बघून येतो."

पाड्याच्या अलीकडे ओढ्याशी भाऊ थांबले. कपडे काढले, वाळू घेऊन अंग घासलं, डोकं धुतलं, आणि ओढ्याकाठच्या एका घरात ठेवलेलं धुतलेलं धोतर नेसले. मग आम्ही अंगणात गेलो. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तब्येत सुधारली होती, चेहऱ्यावर रंग आला होता. मला बघून हसली. मी ओट्याकडे निघालो तर भाऊंनी माझा दंड धरला आणि मला अंगणाच्या पार टोकाला, जांभळाखाली नेऊन बसवलं. तिथून ते ओरडून बोलायला लागले, "जेवलीस का गं?" तिकडून ती ओरडली, "जेवले. तुमी?" असं बराच वेळ चाललं.

मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, आठवड्यानं भेटता. जवळ जाऊन बसा की."

"जवळ गेलो की तिला उबळ येते," भाऊ हळूच म्हणाले. "अंग घासून बघितलं, कपडे बदलून बघितले. तूस माझ्या आत बसलंय, केशव. माझ्या श्वासातनंच जातं." नजर ओट्यावरच होती. "वीस पावलांवर खोकते. पंचविसावर न्हाय. मोजून बघितलंय."

"मग नोकरी सोडा आणि इथंच राहा."

"आणि तिची औषधं?"

वहिनीनं सूप खाली ठेवलं, कपाळावर हात आडवा धरला आणि हाक मारली, "अवो, काय बोलताय दोघं?"

"काय न्हाय गं," भाऊ ओरडले. "केशव म्हणतो, इथली हवा चांगली हाय."