हरण्याची शिकस्त

सासऱ्यांनी कागदावर पट्टी धरून नऊ पट आखले, पेन्सिलीला टोक काढलं आणि पैजेची अट पुन्हा एकदा सांगितली. "तुम्ही जिंकलात तर मी सामान आवरून तुमच्याकडे राहायला येतो. मी जिंकलो तर हा विषय या घरात परत निघायचा नाही."

"कबूल," जावई म्हणाला.

"कबूल," स्वयंपाकघरातून त्याची बायकोही म्हणाली. तिला खरं तर कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या महिन्यात सासरे जिन्यात पडले. शेजाऱ्यांनी उचलून वर आणलं आणि लेकीला ते कळलं आठवड्याने. तेव्हापासून तिने टुमणं लावलं होतं की आता एकटं राहणं बस झालं. पण सासऱ्यांची हयात पाणीखात्यात नकाशे काढण्यात गेलेली. एकदा रेघ मारली की मारली. शेवटी ते पैजेला तयार झाले, तेही त्यांच्याच खेळात.

खेळ साधा फुलीगोळ्याचा, पण एका मोठ्या चौकटीत नऊ लहान पट. लहान पटावर ज्या चौकोनात तुम्ही खूण कराल, मोठ्या चौकटीत त्याच जागी असलेल्या पटावर समोरच्याला खेळावं लागतं. लहान पटावर तीन खुणा ओळीत आल्या की तो पट तुमचा, आणि असे तीन पट ओळीत आले की डाव तुमचा. "आपण कुठे बसतो ते सोडा," सासरे नेहमी बजावत, "समोरच्याला कुठे धाडतो ते बघा. त्याला मधल्या पटावर फिरकू द्यायचं नाही. आणि हाताशी आलेला पट कधी सोडायचा नाही." लग्नाची बोलणी करायला आलेल्या जावयालाही त्यांनी आधी हरवलं होतं आणि मग होकार दिला होता.

आता मात्र जावयाने जिंकावं म्हणून बायकोने रोज जेवणं झाल्यावर त्याला समोर बसवून सगळे डावपेच घोटून घेतले होते. जावयानेही मन लावून घोटले, कारण सफाईने हरायचं तर जिंकायचं कसं ते पक्कं ठाऊक पाहिजे.

त्याला हरायचं होतं. त्याच्या घरात मागे एक लहानशी खोली होती. दिवसभर चष्म्याच्या दुकानात 'आता ही ओळ वाचा, आता ही वाचा' करून आल्यावर तो त्या खोलीत दार लावून तासभर बसे. तिथे तो काय करतो हे बायकोला कधीच कळलं नाही, कारण तो काहीच करत नसे. सासरे आले की ती खोली त्यांना जाणार हे उघड होतं. माणूस वाईट नव्हता तो. पण त्या तासावर त्याचा जीव होता.

त्याने पहिली संधी मिळताच सासऱ्यांना वरच्या उजव्या पटावर धाडलं. तिथे त्यांचे दोन गोळे शेजारी शेजारी होते आणि तिसरा चौकोन मोकळा होता. सासरे खाकरले आणि त्यांनी भलत्याच कोपऱ्यात गोळा काढला.

"बाबा, इथे तुमचे दोन गोळे होते."

"दिसले नाहीत."

"चष्मा मीच बनवून दिलाय तुम्हाला."

"मग चष्म्यात काहीतरी गडबड असेल."

हे जावयाच्या जिव्हारी लागलं, पण धंद्याची बाजू मांडायची ही वेळ नव्हती. सासऱ्यांच्या त्या गोळ्याने त्याला अशा पटावर आणून सोडलं होतं, जिथे त्याच्याच दोन फुल्या तिसरीची वाट बघत होत्या. त्याने मान खाजवली आणि फुली दुसरीकडे मारली.

"तुमच्याही दोन होत्या," सासरे म्हणाले.

"लक्ष नव्हतं."

मग दोघांचंही लक्ष वारंवार उडू लागलं. हातात आलेला पट एकमेकांच्या गळ्यात मारण्यासाठी दोघे घाम गाळू लागले. पण चौकोन संपत आले तसे दोघेही कात्रीत सापडले. जावई एका पटावर गेला तर तिथे एकच चौकोन शिल्लक. त्यात नाइलाजाने फुली मारली आणि पट जिंकला.

"वा," सासरे म्हणाले. पुढच्या खेळीला त्यांच्यावरही तीच पाळी आली. त्यांचा चेहरा पडला.

बायको पदराला हात पुसत बाहेर आली. कागद बघून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अहो, एवढं घोटून घेतलं, ते गेलं कुठे? आणि बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

"खेळू दे आम्हाला," दोघेही एकदम म्हणाले.

ती गेली. खोली शांत झाली तेव्हा जावयाला कोपऱ्यातला रेडिओ ऐकू आला. आतल्या खोलीतही दुसरा एक चालू होता, तोही हळू आवाजात.

"रेडिओ ऐकायला लागलात, बाबा?"

"ऐकत नाही. चालू असतो."

जावयाने कागदाकडे नीट पाहिलं. ज्यांनी होणाऱ्या जावयालाही एक चौकोन सोडला नाही, ते आज पटामागून पट सोडत होते. यांना यायचं आहे, हे त्याला आता कळलं. यायचं आहे आणि तसं म्हणवत नाही. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात सासऱ्यांनी एका पटाच्या मधोमध गोळा काढला आणि त्याला मधल्या पटावर धाडलं. तिथे दोन चौकोन उरले होते. वरच्यात फुली मारली की मधला पट त्याचा, आणि आडव्या ओळीतले डावा-उजवा आधीच त्याचे असल्यामुळे डावही त्याचा. खालच्या उजव्या कोपऱ्यात मारली की सासरे खालच्या उजव्या पटावर जाणार. तिथे एकच चौकोन उरला होता. तो भरताच तो पट त्यांचा, मोठ्या चौकटीतली त्यांची खालची ओळ पूर्ण होणार आणि त्यांना झक मारत जिंकावं लागणार.

जावयाची पेन्सिल बराच वेळ खालच्या चौकोनावर रेंगाळली. मग त्याने वर फुली मारली.

"हरलो," सासरे म्हणाले आणि स्वयंपाकघराकडे वळून मोठ्याने सांगितलं, "तुझ्या नवऱ्याने हरवलं मला. आता शब्द दिलाय, इलाज नाही."

बायको डोळे पुसत, हसत आत बॅग काढायला गेली. सासऱ्यांनी आवाज उतरवला. "खालचा चौकोन दिसला होता?"

"दिसला होता."

"सुरुवातीपासून हरायलाच बसला होतात."

जावयाचे कान तापले.

"म्हणून तर तुम्हाला मधल्या पटावर धाडलं. खाली खेळला असतात तर विषय संपला होता. मी आलो नसतो." त्यांनी कागदाची घडी केली. "ती मागची खोली. तिथे दार लावून बसता म्हणे. काय करता?"

"काही नाही, बाबा. नुसता बसतो."

सासऱ्यांनी यावर गंभीरपणे विचार केला.

"दोन खुर्च्या मावतील?"

"मावतील," जावई म्हणाला.