उत्तर बरोबर, मार्क शून्य

आमच्या शेजारचे मुळे सर बरोबर उत्तराला शून्य मार्क देतात. लाल पेनाने, छान गोल काढून, खाली सही ठोकून.

सर गणिताचे निवृत्त मास्तर. सगळी नोकरी ताडकळसला झाली, आता परभणीत आमच्या भिंतीपलीकडे राहतात. प्रोग्रॅमिंगची एक वेबसाइट रोज सकाळी एक कोडं टाकते. गोदामात पोती अशी अशी रचली आहेत, हवं ते पोतं काढायला कमीत कमी किती पोती हलवावी लागतील, त्याचा प्रोग्रॅम लिहा, असं काहीतरी. मी ती सोडवते हे आईने अभिमानाने सरांना सांगितलं आणि माझी सकाळ संपली.

"पायथनबाई!" नऊ वाजता भिंतीवरून हाक येते. मी पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहिते म्हणून हे नाव; माझं खरं नाव त्यांना माहीत आहे. "झालं का?"

"झालं, सर."

"झालं ना? आता अट ऐक."

ही अट सरांच्या पदरची, वेबसाइटला तिचा पत्ताही नसतो. आधी म्हणाले, अख्खा प्रोग्रॅम ऐंशी अक्षरांत बसव. दोन तास घालवून मी ब्याऐंशीत बसवला. शून्य. मग म्हणाले, बॅकस्पेस दाबायचं नाही, चुकलं की पहिल्यापासून. दाबलं की नाही ते यांना कसं कळणार, असं मी मनात विचारलं. मी बहुतेक सगळं मनातच विचारते.

"दाबलंस ना? तोंडावर दिसायलंय," सर म्हणाले. "अट सगळ्यांला सारखी."

सगळे म्हणजे कोण? भिंतीशी तर आम्ही दोघंच. काकू, म्हणजे सरांच्या बायको, पूर्वी शाळेत कॉम्प्युटर शिकवायच्या. दिवाळीपासून त्या आजारी, आतल्या खोलीतच असतात. आई दोनदा भेटून आली. मी गेले नाही, काय झालंय तेही विचारलं नाही. आजारी माणसाशी काय बोलायचं ते मला सुचत नाही.

सोमवारी पुण्याच्या एका कंपनीची ऑनलाइन परीक्षा होती. एकदा नापास झाले होते, आणि तिसरी संधी देत नाहीत. नव्वद मिनिटांत चार कोडी. तिथे अक्षरं कोणी मोजत नाही. आणि त्याआधीच्या शुक्रवारी सर भिंतीवर कोपर टेकून म्हणाले, "आजची अट. फक्त डाव्या हातानं."

मी आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडले.

"पुरे, सर! तुम्हाला उद्योग नाही म्हणून मी लुळ्यासारखं टाइप करत बसू?"

सरांनी हातातल्या मार्कांच्या कागदाची घडी केली, खिशात घातली आणि आत गेले. शनिवारी हाक आली नाही. बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच चिडचिड झाली.

रविवारी आईने धपाट्यांची ताटली हातात दिली. "सरांना देऊन ये. पेपराआधी मोठ्यांच्या पाया पडावं."

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या. मांडीवर पाट, पाटावर कीबोर्ड. उजवा हात उशीवर, कोणी आणून ठेवल्यासारखा. डाव्या हाताचं एक बोट एकेक अक्षर शोधत होतं. बॅकस्पेस पार उजव्या कोपऱ्यात, तिथवर ते पोचत नव्हतं. शेजारी सर स्वतःचा उजवा हात पाठीमागे धरून डाव्याने दुसऱ्या कीबोर्डवर टाइप करत होते.

भिंतीवर तक्ता होता. मुळे सर: शून्य. पायथनबाई: शून्य, शून्य, शून्य. काकूंच्या नावापुढे सगळीकडे दहा.

"ये," सर मान वर न करता म्हणाले. "हिला तेच सांगायलो. पोरीला बी जमंना गेलंय."

मला पुन्हा सरांचाच राग आला. भिंतीवरून एक वाक्य सांगायला काय झालं होतं? शून्यं काढता येतात, एवढं बोलता येत नाही? आणि तो शुक्रवारचा माझा शब्द खिडकीतून इथपर्यंत आला असेल का, हे विचारायची माझीही हिंमत झाली नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. शब्द ओढत ओढत विचारलं, "शुक्रवारचं... झालं, तुझं?"

शुक्रवारचं कोडं मी दोन्ही हातांनी अकरा मिनिटांत सोडवलं होतं.

ताटली खाली ठेवून मी उजवा हात ओढणीत गुंडाळला.

"नाही, काकू. अट फार अवघड आहे."

काकू हसल्या, अर्ध्या तोंडाने. सरांनी डाव्या हातात लाल पेन धरलं आणि तक्त्यावर माझ्या नावापुढे आणखी एक शून्य काढलं. पहिल्यांदाच ते वाकडं आलं.