अडीच सुताचे राऊतकाका

राऊतकाका पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा उतरवून घेतला. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. चष्मा उन्हात धरला, काडीचा स्क्रू नखाने चाचपला आणि म्हणाले, "हा याचा नाय. कोणी लावला?"

पालघरच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी शिरगावात खोली घेतली होती, आणि काका माझे शेजारी. म्हटलं, दुकानदारानेच लावला असेल. "दोन आटे गोड गेलेत, तिसऱ्याला त्याने जबरदस्ती केली. टिकायचा नाय." आठ दिवसांनी चष्म्याची काडी कांदेपोह्यांत पडली. तेव्हापासून मी त्यांच्या शब्दाला मान देतो.

काकांनी बोईसरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून जन्म काढला. निवृत्त झाले तरी बोटं निवृत्त झाली नाहीत. कुठेही गेले की आधी बोल्ट बघतात. दवाखान्यात डॉक्टर छाती तपासत असतात, काका खाटेचा पाय. एका लग्नात वधूवरांच्या खुर्च्यांमागे वाकून ते मोठ्याने म्हणाले, "बाहेरून जुळलेलं दिसतं, पण जोडी चुकलीय. दोन दिवसांत ढिलं पडणार." मुलीचे वडील पांढरेफटक पडले. खुर्चीबद्दल चाललंय हे पटवून द्यायला मला त्यांच्याबरोबर बसून आइस्क्रीम खावं लागलं.

पण काकांचा खरा संसार घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. तिथे एक जुनी विलायती स्पोर्ट्स कार होती. म्हणजे एकेकाळी होती. दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची ती गाडी वाणगावच्या एका चिकूवाडीत गवतात रुतून बसली होती. मालक म्हणाला, घेऊन जा, जागा मोकळी होईल. काकांनी ती टेम्पोतून आणली आणि सगळी खोलली. दरवाजे भिंतीला टेकवलेले, इंजिन पाटावर, सीट माळ्यावर. मग तीन पावसाळ्यांपूर्वी सुमनकाकी गेल्या आणि काम तसंच राहिलं. मी आलो त्या वर्षी काकांनी ते पुन्हा हातात घेतलं.

अडचण एकच होती. बोल्ट नव्हते.

"हरवले," काका म्हणायचे, आणि विषय बदलायचे.

त्यामुळे उलटं काम सुरू झालं. गाडीतलं प्रत्येक भोक मापायचं, त्यात कुठला बोल्ट असेल ते ओळखायचं आणि तसा शोधून आणायचा. गाडी इंचातली, बाजार मिलिमीटरचा. "हा बगा मास्तर, अडीच सुताचा," काका सांगत. इंचाचे आठ भाग केले की एक सूत. "आणि हा आठ एमएमचा. दिसायला जुळे भाऊ. पण एकाच्या घरात दुसरा जायचा नाय." मग ते दातेरी पात्यांचं गेज आट्यांवर टेकवून उजेडात धरत. दात आणि आटे यांच्यामधून जरासा उजेड दिसला की बोल्ट बाद. पाना हातात घ्यायच्या आधी पहिले आटे बोटांनी फिरवायचे, हा त्यांचा नियम. बोल्ट अडला तर ओरडायचं नाही, बाहेर काढायचा, पुसायचा, दुसरा घ्यायचा.

दर रविवारी आम्ही बोईसरला भंगाराच्या गोदामात जायचो. काका गोणपाट पसरून नटबोल्टांच्या ढिगाशी तांदूळ निवडायला बसल्यासारखे बसायचे. दुपारपर्यंत हाती यायचे दोन किंवा तीन. गोदामवाला हसायचा. "चाचा, आपका वाला बोल्ट अभी दुनिया में पैदा नहीं हुआ."

"हुआ था," काका म्हणायचे, "आपने वजनपे बेच डाला."

असं दीड वर्ष गेलं. दरवाजे बसले, दिवे बसले, इंजिन बसलं. गाडीने एका सकाळी मोठ्याने खोकून शेजारच्या कोंबड्या वाडीबाहेर पळवल्या. आता एकच बोल्ट राहिला होता, स्टीअरिंगच्या दांड्याचा. तो खास होता, अर्धा आट्यांचा, अर्धा गुळगुळीत. नवापूरपासून वाणगावपर्यंत सगळी गॅरेजं पालथी घातली. जवळात जवळचा जो मिळाला तो बसायचा, पण किंचित खुळखुळायचा.

"केसाएवढा तर फरक आहे, काका," मी म्हणालो. "चालेल."

काकांनी मान हलवली. "दिवा पडला तर उचलता येतो, मास्तर. हा सुटला तर गाडी आपलं ऐकणार नाय." त्यांनी स्टीअरिंगच्या चाकावर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आत कपाटाच्या खालच्या खणात बिस्किटांचा डबा हाय. तो आणा."

डबा उचलताना दोन्ही हात लावावे लागले. शेडमध्ये आणून मी झाकण उघडलं. आत धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या होत्या, कितीतरी. प्रत्येकीत तेल लावलेले बोल्ट, प्रत्येकीला पिन मारलेली वहीच्या कागदाची चिठ्ठी. अक्षर गोल, शाळेत घोटवून घेतल्यासारखं.

"डाव्या दिव्याचे. तीन. एक वाकडा, तो तुम्हीच केलात."

"दाराच्या बिजागरीचे. मोजून आठ."

"हे कुठले ते तुम्हाला ठाऊक. मला विचारू नका."

"काका, हे तर सगळे इथेच आहेत!" माझा आवाज चढला. दीड वर्षाचे रविवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले. "मग हरवले म्हणून का सांगितलंत?"

"नायतर काय सांगू? लोक म्हणाले असते, हायेत ना, मग काढा आणि लावा." त्यांनी एक पिशवी तळहातावर घेतली. "मी खोलायचो, ती लिहायची. पार्टांची नावं तिला येत नव्हती. आपल्या मनाने लिहायची. तिने बांधलेत ते. माज्याने उघडवत नाय."

काका एकेक पिशवी बाजूला ठेवत गेले. हवी ती सापडली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "तुमी उघडा. खालून. पिनेला हात लावू नका."

मी ब्लेडने पिशवीचा खालचा कोपरा कापताना चिठ्ठी वाचली.

"चाकाच्या दांड्याचा. एकच आहे, जपा. काढताना तुमचं बोट कापलं होतं. घालताना मला हाक मारा, बॅटरी धरीन."

काकांनी बोल्ट घेतला, फडक्याने पुसला आणि सीटवर आडवे होऊन डोकं स्टीअरिंगखाली घातलं. आत अंधार होता. त्यांची बोटं भोक शोधत राहिली. मग आतून आवाज आला, रोज घरात मारतात तसा, साधा.

"सुमन, बॅटरी धर गं."

मी मोबाइलचा दिवा लावला आणि आत धरला. काकांनी वर पाहिलं नाही. बोल्ट बोटांनीच फिरला, एक आटा, दुसरा, तिसरा, अगदी शेवटपर्यंत. मग त्यांनी पाना मागितला.

बाहेर येऊन त्यांनी हात पुसले. रिकामी पिशवी सीटवर पडली होती. ती त्यांनी उचलली, खुळखुळणारा तो बोल्ट तिच्यात टाकला, कापलेल्या कोपऱ्याला दोन पिना मारल्या आणि डब्यात होती त्याच जागी नीट ठेवली.

"रिकामी कशाला ठेवायची," ते म्हणाले, आणि झाकण लावलं.