मेंढरू सोडून सगळ्यांना जागा

आमच्या शेजारच्या आप्पांकडे शिक्रापूरला खरूज झाली होती, दौंड स्टेशन आंधळं होतं आणि निमोणे फाटा रोज सकाळी कुंपणातून मान घालून माझा गुलाब खात असे.

घाबरू नका. शिक्रापूर म्हणजे ट्रकखाली एक पाय गमावलेला कुत्रा. दौंड स्टेशन हे गाढव. निमोणे फाटा ही एका शिंगाची म्हैस. आप्पा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर शिरूरबाहेरच्या आपल्या जमिनीच्या तुकड्यात त्यांनी लांबलचक पत्र्याची शेड ठोकली आणि रस्त्यावर पडलेली, टाकलेली, धडकलेली जनावरं आणून ठेवायला सुरुवात केली. जे जिथं सापडलं ते त्याचं नाव. एक मांजर आपल्या पायांनी चालत आलं, त्याचं नाव ‘विनंती थांबा’.

शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली होती आणि तिला मोडीत निघालेल्या गाडीची घंटा. एकदा वाजली की सगळ्यांनी थांबायचं, दोनदा वाजली की वैरणीत तोंड घालायचं. जनावरांना ते ‘अहो-जाहो’ करत. “दौंड स्टेशन, आत सरका! आत जागा हाय!” माणसांना मात्र सरसकट ‘ए बाबा’. एकदा शेड बघायला कुणी मोठे साहेब आले, त्यांनाही “ए बाबा, दारात उभा राहू नको” म्हणून झालं होतं. तोंड दिवसभर चालू. पत्र्यावर उसाचं पाचट पसरताना, गोचीड काढताना, पावसाआधी अंगणात मुरूम टाकताना. ऐकायला कुणी माणूस नसलं तरी त्यांचं काही अडत नसे.

ही नव्वदच्या सुमाराची गोष्ट. यांना इकडच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही पुण्याहून राहायला आलो होतो. त्या वेळची मी हा एक बघण्यासारखा नमुना होता. डोळ्यांवर गॉगल, अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि मनात भूतदया. तिन्ही नव्याकोऱ्या. पहिल्याच भेटीत मी आप्पांना जनावरांची नावं सुचवली. मोती, राजा, चांदणी अशी.

“नको वैनी,” ते म्हणाले. “नाव दिलं की ते आपलं व्हतंय. मी कंडक्टर. लोकं चढत्यात, उतरत्यात. कंडक्टरचं त्यात कोण नसतंय.”

एखादं जनावर दगावलं तर ते ‘मेलं’ म्हणत नसत. “काल कवठे येमाई उतरली” म्हणायचे, आणि खड्डा खणायला घ्यायचे.

एकदा दिवाळीच्या आधी मी बाजारातून लूनावर परत येत होते. रस्त्याकडेच्या उसाशी एक कोकरू उभं. कुठल्याशा कळपातून मागं राहिलेलं. मी त्याला भाजीच्या पिशवीत घातलं, डोकं बाहेर. घरी पोचेपर्यंत त्यानं मेथीची जुडी संपवली आणि मी कृतार्थ झाले. थेट आप्पांच्या दारात गेले.

आप्पांनी पिशवीकडे पाहिलं आणि चेहराच बदलला. “हे न्हाई.”

“का? तुमच्याकडे आंधळं गाढव चालतं, मांजर चालतं—”

“गाडव चालतंय. साप आणा, त्यो बी चालंल. मेंढरू न्हाई चालत. न्या ते.”

मला असा राग आला म्हणता! तरातरा घरी आले. या बाबाची भूतदया खोटी आणि आपली खरी, हे सिद्ध करायचा चंगच बांधला. कोकराला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं. टाल्कम पावडर लावली. गळ्यात लाल रिबीन बांधली. बशीत साखर घातलेलं दूध ठेवलं. कोकरानं दुधाकडे पाठ केली आणि यांचा पायमोजा खाल्ला. मग ओरडायला लागलं ते थांबेचना. दुसऱ्या दिवशीही तेच. हळूहळू आवाज बसला, मान लोंबायला लागली. मी बशी घेऊन त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि, खोटं कशाला सांगू, रडायला लागले.

तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला. “वैनी, द्या ते इकडं. आमच्या शिक्रापूरला झोप येईना त्याच्यापायी.”

शिक्रापूर त्यांच्या मागं ढाराढूर झोपला होता. मी कोकरू उचलून कुंपणावरून त्यांच्या हातात दिलं.

आप्पांनी कोकराचा वास घेऊन पाहिला. “पावडर? आन् रिबीन? लगीन ठरवलंय का त्याचं?” रिबीन सोडली, कोकरू घोंगडीत गुंडाळलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीबाही बोलत राहिले. थोड्या वेळानं शेडमधल्या शेळीखाली त्याला लावलं. ते प्यायलं.

त्यानंतर कोकरू आप्पांच्या पायात पायात. ते बोलायचे, हे ‘बें’ करायचं. ते गप्प झाले तर शोधायला निघायचं. त्याला मात्र कुठल्या गावाचं नाव मिळालं नाही. नुसतं “ए बाय, इकडं ये.”

थंडी पडू लागली, तेव्हा म्हाताऱ्या बैलांसाठी आम्ही पोत्यांच्या झुली शिवत बसलो होतो. कोकरू त्यांच्या मांडीला टेकून. मी विचारलं, “मग तेव्हा का नाही म्हणालात?”

बराच वेळ दाभण चालवून झाल्यावर म्हणाले, “आमची मेंढरं व्हती. बारका व्हतो तवापासून मीच वळायचो. मग एसटीत लागलो. मागं एकटा म्हातारा. त्याच्यानं चालणं व्हईना. त्यानं मला न सांगताच कळप इकला.”

“तुम्हाला केव्हा कळलं?”

“शिक्रापूरला.” त्यांनी दोरा दातानं तोडला. “माझी गाडी थांब्यावर लागली व्हती. शेजारी ट्रक. मी दारातून ओरडलो, शिक्रापूरवाले उतरून घ्या. आन् ट्रकातली समदी मेंढरं एकदम ओरडाय लागली, वैनी. माझाच कळप. आवाज वळीखला त्यांनी. वाटलं आसंल, आता ह्यो आपल्याला उतरवून घील.”

“मग?”

“मग काय. गाडी भरलेली. डबल बेल दिली.”

मी सुईत दोरा ओवण्याचं नाटक करत राहिले.

दिवाळी उलटली आणि घाटाकडे निघालेले कळप आमच्या रस्त्यानं जायला लागले. एके दिवशी दुपारी आप्पांनी एका कळपाला थांबवलं. पुढचा म्हातारा मेंढपाळ त्यांच्या ओळखीचा होता, त्याला ते मामा म्हणत.

“मामा, एक कोकरू हाय. घेऊन जा.”

मी मधे पडले. “आप्पा, कशाला? इथं काय वाईट आहे तिला? केवढी रुळलीय!”

“म्हणूनच.” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला नाही. “मेंढरू एकटं माणसात वाढलं की ना मेंढरू ऱ्हातं ना माणूस व्हतं. आत्ता गेली तर कळपाची व्हईल. पुढल्या साली जायची न्हाई. तिला तिचं कुणी नको का?”

मामांनी कोकराला कळपात सोडलं आणि वळून म्हणाले, “आप्पा, आता तोंडातून शबूद काढू नका. तुमचा आवाज गेला कानावर तर ती फिरंल. आन् एकदा फिरली की मग काय खरं न्हाई.”

आप्पांनी मान हलवली आणि कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसले.

कळप हलला. आणि जरा पुढं गेल्यावर ते कोकरू घोळक्यातून निसटून पळत परत आलं. शेडच्या फाटकात उभं राहून ओरडायला लागलं. इकडे बघ, तिकडे बघ. मी गंजीमागं डोकावले. आप्पांनी खांद्यावरच्या पंच्याचा बोळा तोंडात धरला होता. डोळे मिटलेले.

शेवटी मीच पुढं झाले. हातात काठी घेतली आणि ज्याला मी न्हाऊ घातलं होतं, त्याच्या अंगावर धावून गेले. “हाड! जा! जा म्हणते ना!” कोकरू दचकलं. जरा मागं सरलं. पुन्हा एकदा शेडकडे तोंड करून थांबलं, वाट पाहिली. काहीच ऐकू आलं नाही तशी वळून कळपामागं धावत सुटलं.

धूळ ओढ्यापलीकडच्या वळणापर्यंत गेली, मग तीही दिसेनाशी झाली. मेंढपाळांचे आवाज थांबले.

“गेलं, आप्पा,” मी म्हटलं. “काढा तो पंचा. आता नाही त्याला ऐकू जायचं.”

त्यांनी पंचा काढला नाही. एक बोट वर करून मला गप्प बसायची खूण केली, आणि वळणाकडे कान देऊन, त्यांना अजून ऐकू येत होतं ते ऐकत बसले.