शेळी पुढे, संघ मागे

आमच्या सावेडीच्या सोसायटीत, पार्किंगमधल्या स्कूटरच्या रांगेत एक शेळी बांधलेली असते. तिचं नाव शेवंता. मालक साळवे सर. मूळचे मिरजगावकडचे, शाळेत खेळाचे मास्तर होते. रिटायर झाल्यावर इथे आले आणि आता मुलींना फुटबॉल शिकवतात. माझी मुक्ता त्यांच्याच संघात आहे.

सर मैदानावर शेळी मोकळी सोडतात आणि मुलींनी ती धरायची. "सरळ पळायला म्हैसबी पळती, ताई. फुटबॉलात पळायचं, थांबायचं, दम खातोय तवर पुन्हा पळायचं. शेळीवानी." शेवंता खरंच तसं करते. सुसाट सुटते, थांबून गवत तोडते, मुलगी हात लावणार इतक्यात पुन्हा पसार.

पहिल्या धावेला सर पाठ फिरवून चष्मा पुसतात. "पहिल्या पंगतीला समद्यांनाच गरम मिळतं. यजमान कसा हाय ते शेवटच्या पंगतीला कळतं!" शेवटच्या धावेला जी ढिली पडली, ती संघाबाहेर.

तळमजल्यावरच्या पवारसाहेबांना लेंड्यांचा त्रास. सोसायटीची सेक्रेटरी मी, त्यामुळे ठराव मीच लिहिला: शेळी हे खेळाचं साहित्य असून सरावाला उपयोगी आहे तोवर पार्किंगमध्ये राहील. पवारसाहेबांनी सही केली, पण 'तोवर'खाली रेघ ओढून.

यंदा शेवंता म्हातारी झाली. मुली तिला सहज धरू लागल्या. एकदा तर जागेवरून न हलणाऱ्या गोलकीपरनेच धरली.

"वहिनी, साहित्य बाद झालं," पवारसाहेब म्हणाले. "खाटकाचा नंबर देऊ?"

मी सरांना म्हटलं, "नियम तुमचाच आहे, सर. ढिली पडली ती बाहेर. रविवारी मी पवारसाहेबांना घेऊन मैदानावर येते. धरली गेली, तर तिची सोय दुसरीकडे बघा."

सर पाठ फिरवून चष्मा पुसू लागले.

रविवारी शेवंता सुटली, मुली मागे. एकीच्याही हाती लागेना. मुक्ता तर मधेच गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. पवारसाहेब 'पुढच्या रविवारी पुन्हा बघू' म्हणत, कारलं खाल्ल्यासारखं तोंड करून परतले.

घरी येऊन मुक्ता फरशीवरच आडवी झाली.

"एवढी कशी गं दमलीस?"

"आई, तुम्ही यायच्या आधी सरांनी आमच्याकडून सगळ्या धावा मारून घेतल्या. पार जीभ बाहेर येईस्तोवर. मग शेळी सोडली."

"लबाड आहे की म्हातारा!"

"आम्ही म्हटलं, सर, नुसतं हळू पळतो ना. तर केवढ्यानं ओरडले! 'मुद्दाम हरायचं न्हाई. तिला कळतं.'"

संध्याकाळी जाब विचारायला मी खाली गेले. साळवेकाकू गेल्यापासून सर घरात फक्त झोपायला असतात. पार्किंगमध्ये पालथ्या बादलीवर बसून ते शेवंताचे पाय कोमट तेलानं चोळत होते.

"लई दुखतंय का गं?" ते तिला विचारत होते. "पुढल्या रविवारी पोरींना अजून दमवतो. मग तर झालं?"

मी आल्या पावली वर गेले आणि मुक्तासाठी आणखी दोन अंडी उकडायला टाकली.