कोठीतला खर्ज

आमगावच्या खुमेंद्र पटलेचं सकाळपासून कशात म्हणून लक्ष नव्हतं. गोंदियाचे ऑर्केस्ट्रावाले दुर्गाप्रसादजी दुपारी त्याचा पियानो ऐकायला येणार होते. त्यांच्या पुतण्याने वाजवलेला खर्ज ऐकून लग्नातले वऱ्हाडी हसायचे, म्हणून ते नवा वाजवणारा शोधत होते. स्टेजवर बसायची खुमेंद्रची जन्माची हौस आज फिटायची होती, नाहीतर कायमची बुडायची होती.

आणि नेमका खर्जच दगा देत होता. कीबोर्ड जोडलेल्या त्याच्या कॉम्प्युटरातला पियानो वरच्या सुरांत कसा गोड बोलायचा! पण डावीकडची शेवटची पट्टी दाबली की तेलाचा रिकामा पिपा ठोकल्यासारखा आवाज. सॉफ्टवेअरमधलं एकही बटण त्याने फिरवायचं ठेवलं नाही. व्यर्थ!

"काऊन असा घिरट्या घालून राहिला रे?" त्याची आई धुरपताबाई ओरडल्या. "दोन घास खाय ना!"

"माय, खालचा सूर घुमतच नाही!"

घुमायला पोकळी हवी, हे त्याला तेव्हा सुचलं. ओसरीवर पत्र्याची धानाची कोठी उभी होती, पुरुषभर उंचीची. नवं धान अजून खळ्यावर होतं, त्यामुळे कोठी पार रिकामी. खुमेंद्रने स्पीकर दोरीने आत सोडला आणि पट्टी दाबली.

घर्रर्र... अहाहा! बोट उचललं तरी सूर पोटात थरथरत राहिला. खुमेंद्र अक्षरशः नाचला. मग तो एकच पट्टी दाबत सुटला.

इकडे अख्खी गल्ली धान चुरायच्या, म्हणजे मळणीच्या, मशीनची वाट पाहत कान टवकारून बसलेली. मशीन गावात एकच, आणि जो आधी खळ्यावर पोचेल त्याचा नंबर आधी. त्यात हा घरघराट!

"मशीन आली वो!" खुमेंद्रचे वडील चैतराम पोती काखेत मारून धावले. त्यांच्यामागे शेजारची शामकला, तिच्यामागे मजूर, कुणाच्या पायात चप्पल नाही. खळ्यावर जाऊन पाहतात तो चिटपाखरू नाही. आवाज मात्र चालूच, आणि तोही पटल्यांच्या घरातून.

चैतराम लालबुंद होऊन परतले, तेव्हा दुर्गाप्रसादजी ओसरीवर येऊन डोळे मिटून डोलत होते.

"बंद कर ते!" चैतराम गरजले. "गावभर हसं केलं माझं!"

"रुकिए भाऊ!" दुर्गाप्रसादजींनी डोळे उघडले. "क्या खर्ज है! असली! बस, तय हो गया."

खुमेंद्रला आभाळ ठेंगणं झालं. "मग मी कधीपासून येऊ, जी?"

"तुम? अरे, बजाने को तो मेरा भतीजा है. बेचारे की गलती ही नहीं थी, स्पीकर के डिब्बे की थी. हमको ये कोठी चाहिए. सौंदड की शादी में."

खुमेंद्रचं तोंड एवढंसं झालं. रडूच यायचं बाकी होतं. चैतरामांनी एकदा पोराकडे पाहिलं, हातातली पोती खाली टाकली आणि कोठीला पाठ लावून उभे राहिले.

"कोठी घरची आहे. ती जाईन तं घरच्या माणसासंगच जाईन. नाही तं धान भरतो तिच्यात."

दुर्गाप्रसादजींनी डोकं खाजवलं आणि मान डोलावली. चैतरामांनी त्या वर्षी धान पोत्यातच ठेवलं.

सौंदडच्या लग्नात स्टेजवर पुतण्या झगमगीत कोट घालून बसला. मागे पडद्याआड खुमेंद्र, नवा शर्ट घालून, कोठी हलू नये म्हणून तिला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा. पहिलाच खर्ज असा घुमला की मांडवात टाळ्या पडल्या.

"कोण हो वाजवून राहिला?" मांडवात शेजारी बसलेल्या बाईने धुरपताबाईंना विचारलं.

"माझा पोरगा."

"तो कोटवाला?"

"नाही जी. माझा दिसत नाही. आयकू येते फक्त."